मालधक्क्यावरचा मिस्त्री

“हणमंत नावाचं इथं कुणी न्हाई,” म्हातारी म्हणाली आणि माझ्याकडं पाठ करून तांदूळ निवडायला लागली.

मिरजेच्या स्टेशनामागं मालधक्क्याची लांबच लांब भिंत होती. तिला टेकून पालं ठोकलेली. पोती, प्लास्टिक, जुन्या जाहिरातींचं कापड, ज्याला जे गावलं त्याचं पाल. दुपारची वेळ, बरीचशी माणसं मागायला बाहेर गेलेली. उरलेल्यांनी मला बघून तोंडं फिरवली होती.

“नाव बदललं असंल,” मी म्हटलं. “उंच हाय. भिवईवर खोक हाय.”

“बाई, इथं समद्यांनाच खोक पडलीया.”

“मावशी, मी पोलिसाकडनं आलेली न्हाई.”

“मग कुनाकडनं आलीस?”

ह्या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर होतं, पण ते तिला सांगण्यासारखं नव्हतं. मी तिथंच खाली बसले. म्हातारीचं नाव रोशनबी. ते मला नंतर कळलं. तिनं मला बस म्हटलं नाही आणि ऊठही म्हटलं नाही.

कित्येक महिने मी सुट्टी मिळाली की मिरजेला येत होते. आमचं गाव यंत्रमागाचं, एसटीनं तासाभराच्या वाटेवर. मी तिथं कांडी मशीनवर, सुताच्या कांड्या भरायच्या कामाला. सुताचे गठ्ठे नेणारा एक टेम्पोवाला मला म्हणाला होता, “मालनवैनी, तुमच्या मालकासारखा एक माणूस मिरजेत बघितला. भिकाऱ्यांच्यात.” तेवढ्यावर मी निघाले होते. घरातून गेलेला मोठा माणूस शोधणं काय असतं, ते तेव्हा कळलं. लहान पोर हरवलं तर सगळं गाव धावतं. मोठ्या माणसासाठी कोण धावणार? पोलीस म्हणाले, “सज्ञान माणूस. आपल्या पायानं गेला असंल तर आम्ही काय करणार?” पुलाखाली आज दिसलेली माणसं पुढच्या खेपेला तिथं नसायची. कुणी हाकललेली, कुणी जत्रेला गेलेली. एकाचं नाव विचारलं तर तो हसला, म्हणाला, “कंचं सांगू?” एका म्हाताऱ्यानं तर माझा हात धरला. “मीच तुझा हणमंत, चल घरी घेऊन.” त्याच्या तोंडात दात नव्हते. हात सोडवून घेताना मला बोटं एकेक करून उचलावी लागली.

नवऱ्याचं नाव आमच्यात घेत नाहीत. पण नाव घेऊन घेऊनच मी त्यांना शोधत होते, त्यामुळं ती लाज गेली होती.

आणि मायेनं शोधत होते असंही कुणी समजू नये. नऊ वर्षं झाली होती. एके दिवशी सकाळी हे मागावर जातो म्हणून गेले ते आलेच नाहीत. तेरा दिवस झाले नाहीत तोवर माझ्या सासूनं, आत्तीनं, भर चौकात छाती बडवली. “हिनंच माझ्या पोराला खाल्लं! हिनंच मारलं आणि नदीत सोडलं!” धाकटे भावजी, दशरथ, शेजारी मान खाली घालून उभे होते. नाही म्हणाले नाहीत. पोलिसांनी मला नेलं, विचारलं, सोडलं. पुरावा कसला मिळणार? पण गावाला पुरावा लागत नाही. मला आणि माझ्या वैजूला घराबाहेर काढलं. दर अवसेला आत्ती माझ्या खोलीसमोर यायची, थुंकायची आणि जायची. वैजू मोठी झाली. दोन ठिकाणी लग्न जमलं, आणि दोन्ही वेळा सुपारी फोडायच्या आधी निरोप आला. “बापाला मारणाऱ्या बाईची पोरगी नको.”

दुसऱ्या निरोपानंतर वैजू मला म्हणाली, “आई, तू खरंच काय केलं न्हाईस न्हवं?”

त्या दिवशी मी ठरवलं. मला हा माणूस जिवंत पाहिजे होता. गळ्यात दावं बांधून का होईना, त्या चौकात आणून उभा करायचा होता.

रोशनबीचे तांदूळ निवडून झाले. ती उठून पालात गेली, आणि ती जिथं बसली होती तिथं मागं मला पालाचं कापड दिसलं. मधोमध फाटलेलं, दोरीनं सांधलेलं. दोरी जागोजागी तुटलेली आणि प्रत्येक ठिकाणी एक गाठ. मी हात लावून बघितलं. बारीक, चपटी गाठ. ओढली की आणखी आवळणारी. आमच्या गावात सूत दिवसभर तुटतं आणि दिवसभर सांधतात. ती गाठ अशी असते, की मागाच्या फणीतून सटकन निघून जावी. मागावर हयात घालवलेल्या माणसाशिवाय ती कुणाला जमत नाही.

“मावशी, ही गाठ कुणी मारली?”

आत तांदूळ डब्यात ओतल्याचा आवाज आला.

“मावशी, तुमच्या पाया पडते.”

“मिस्त्रीनं मारली,” ती आतूनच म्हणाली. “इथली समदी पालं त्योच बांधतो. त्येला तरास देनार असशील तर आत्ताच जा.”

मी उठले. भिंतीच्या टोकाकडं चालत गेले. प्रत्येक पालाला तीच गाठ होती. शेवटच्या पालात एक माणूस दाताखाली दोरी धरून बसला होता. दाढी छातीवर आलेली. माझी सावली पडली तसं त्यानं वर बघितलं, आणि दोन्ही हात पटकन घोंगड्याखाली घेतले.

“वैजू कशी हाय?” हे म्हणाले.

मी नऊ वर्षं शिव्या पाठ केल्या होत्या. एकही तोंडात आली नाही.

“जित्ती हाय,” मी म्हटलं.

“तू कशाला आलीस? तुझीच इच्छा हुती न्हवं?”

“कसली इच्छा?”

“तूच आईला सांगितलंस, म्हणं. ह्या रोगाचा माणूस घरात नको, पोरीचं वाटोळं हुईल. मी म्हटलं, बरोबर हाय तिचं.”

“कंचा रोग?”

ह्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. मग घोंगड्याखालून हात बाहेर काढले. बोटं आत वळलेली, करंगळ्या अर्ध्या. मला मागं कधी तरी त्यांचा हात भाजलेला आठवला. मी विचारलं तर म्हणाले होते, दुखत नाही.

“तुला ठावं न्हवतं?”

“कुणी सांगितलं मला?”

“मी पयलं आईलाच सांगितलं. ती म्हणाली, मी मालनशी बोलते. दुसऱ्या दिवशी म्हणाली, मालनला तोंड बी बघायचं न्हाई तुझं. धाकट्यानं, दशानं, मिरजेच्या गाडीत बसवून दिलं.” ते थांबले. “गोळ्या खाल्ल्या. रोग बरा झाला, कवाच. हात ऱ्हायले असे. मग परत कशाला यायचं? तुझ्या मनात न्हाई तर.”

“आणि आत्ती, भावजी? त्येस्नी ठावं हाय तुमी हितं हाय ते?”

“दशा येतो की दिवाळीला, चादर घेऊन. आई डोळ्याच्या दवाखान्याला आली की भाकरी बांधून आणती. बसती घटकाभर.”

मी खाली बसले. आत्तीची थुंकी माझ्या उंबऱ्यावर पडायची, तेव्हा तिच्या पोटात ह्यांच्याबरोबर खाल्लेली भाकरी असायची. मला रडू आलं नाही. डोकं एकदम साफ झालं.

“चला,” मी म्हटलं.

“कुठं?”

“घरी.”

“आत्ता नको. सतीशचा साखरपुडा हाय ह्या रविवारी. दशा सांगून गेलाय. ते नीट पार पडू दे, मग बघू. माझ्यापायी पोराचं मोडायचं.”

सतीश म्हणजे दशरथचा मुलगा. ह्यांचा पुतण्या.

“वैजूचं दोनदा मोडलं,” मी म्हटलं.

“कशानं?”

“बापाला मारणाऱ्या बाईची पोरगी म्हणून.”

त्यांना कळलं नाही. “कुणाचा बाप?”

“तुमी. तुमाला मी मारलं. मारून नदीत सोडलं. तुमच्या आईनं चौकात सांगितलं, आणि तुमचा भाऊ शेजारी उभा हुता. नऊ वर्षं मी खुनी हाय.”

मालगाडी आली, गेली. मांडीवरची दोरी त्यांनी बाजूला ठेवली.

“मला हे कुणी सांगितलं न्हाई,” ते म्हणाले.

“मलाबी न्हाई.”

रविवारी सकाळी मी त्यांना न्यायला आले. रोशनबी त्यांच्या पालाशी उभी होती. “मिस्त्री, येशील न्हवं परत?” तिनं विचारलं. हे नुसते हसले. मग मला म्हणाले, “दाढी तरी करून घिऊ का? कापडं तरी?”

“नको,” मी म्हटलं. “असंच चला.”

दशरथ भावजींच्या दारात मांडव होता. आतून मसालेभाताचा वास येत होता. मुलीकडची माणसं फेटे बांधून सतरंजीवर बसलेली. मधे मुलीचे वडील, रेंदाळचे आप्पासाहेब उत्तूरे. कोपऱ्यात नव्या लुगड्यात आत्ती. मी पुढं, ह्यांचा हात धरून. वैजू मागून आली होती. तिला सगळं सांगितलं होतं. ती बापाशी एक अक्षर बोलली नव्हती, फक्त त्यांच्याकडं बघत होती.

मुलीकडचे फेटे आमच्याकडं वळले.

“ह्यो बघा,” मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. “हणमंत हावळ. नदीत सोडला हुता न्हवं मी? आत्ती, बघा की, भिजलाय का.”

आत्तीचा चेहरा पांढरा पडला. एक क्षणच. मग ती म्हणाली, “कोण ह्यो? माझं पोरगं न्हवं ह्ये. कुठला भिकारी धरून आणलास गं रांडं, माझ्या नातवाच्या शुभकार्यात?”

“आत्ती!”

“माझा हणमंत मेला! तू मारलास!”

माणसं उठून उभी राहिली. कुणीतरी म्हणालं, हणमंत असा कुठं होता, हा तर म्हातारा आहे. दुसरा म्हणाला, हात बघा त्याचे. मी ह्यांच्याकडं वळले. “बोला की! तोंड उघडा!”

ह्यांनी आईकडं बघितलं. नव्या लुगड्याचा पदर आत्तीनं दोन्ही मुठींत धरला होता. आणि ह्या माणसानं काय करावं? आपला हात माझ्या हातातून सोडवून घेतला आणि दोन्ही हात जोडले.

“म्हातारी म्हणती ते खरं हाय,” ते म्हणाले. “माझी चूक झाली. मी ह्यांचा कुणी न्हवं.”

मला वाटलं, आता जमीन फाटावी. आईची अब्रू झाकायला ह्यांनी मला दुसऱ्यांदा मारलं. मांडवातले लोक माझ्याकडं बघत होते, आणि त्या नजरांत आता नुसता संशय नव्हता. मी खुनी होते, आता वेडीही झाले होते.

दशरथ भावजी पुढं झाले. त्यांनी हसून उत्तूऱ्यांना सांगितलं, “पाव्हणं, बसा. वैनीचं डोकं फिरलंय. बिचाऱ्या भिकाऱ्याचा काय दोष? शुभकार्य हाय, उपाशी कशाला धाडायचा?” त्यांनी ह्यांना दंडाला धरून मांडवाबाहेर नेलं. गटाराच्या कडेला एक पत्रावळ टाकली आणि वरून, वाकायचेही कष्ट न घेता, भाताची मूद टाकली. निम्मा भात मातीत पडला.

“खा आणि नीघ,” ते म्हणाले.

हे उकिडवे बसले. वाकड्या बोटांनी मातीतला भात पत्रावळीवर ओढायला लागले. बोटांतून शितं निसटत होती. पुन्हा ओढत होते.

वैजू त्यांच्या शेजारी जाऊन बसली. मातीतलं एक एक शीत ती उचलायला लागली.

तेवढ्यात आतून किंकाळी आली. मला वाटलं, कुणी भाजलं. आत्ती होती. नवं लुगडं पायात अडकत, माणसांना ढकलत ती बाहेर आली आणि तिनं दशरथच्या थोबाडीत मारली.

“मातीतलं खायाला घालतोस? थोरल्या भावाला? आत बसव त्येला! माझा हणमंत हाय त्यो! हणमंता, ऊठ माझ्या सोन्या, ऊठ!”

ती त्यांच्या गळ्यात पडली. सगळ्या मांडवानं ऐकलं.

दशरथ भावजी म्हणत राहिले, “आई, काय बोलतीस?” पण आता कोण ऐकणार? आत्ती एकदा बोलायला लागली ती थांबेचना. रोग, मिरजेची गाडी, भाकरी, डोळ्याचा दवाखाना, सगळं ओकली. नातवंडांची लग्नं व्हायची होती, घरात महारोग आहे म्हटल्यावर कोण पोरगी देणार, म्हणून मालनवर ढकललं, असं ती माझ्याकडं न बघता सांगत होती.

आप्पासाहेब उत्तूऱ्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी फेटा काढून काखेत मारला.

“रोगाचं काय न्हाई,” ते म्हणाले. “औषध हाय त्यावर, माणूस बरा झालाय. पण पोटचा पोरगा जित्ता असताना ज्यांनी मारला, त्या घरात मी माझी पोरगी देत न्हाई.”

पाहुणे गेले. ताटं तशीच राहिली. सतीश खांबाला धरून उभा होता. त्याचा काही दोष नव्हता, हे मला तेव्हाही कळत होतं. तरी मला गोड वाटलं. माझ्या वैजूचं दोन्ही वेळा मोडलं होतं, तेव्हा ह्या घरात पेढे वाटले होते.

पुढच्या वर्षी वैजूचं लग्न झालं. हे पहिल्या रांगेत बसले. आमच्या खोलीत मात्र त्यांना झोप यायची नाही. छप्पर अंगावर येतं म्हणायचे. मधे मधे मिरजेला जायचे, कुणाचं पाल फाटलं असेल ते बांधायचे, पुन्हा यायचे. आम्ही फारसं बोलायचो नाही. ते एकदा म्हणाले, “त्या दिवशी तुला खोटं पाडलं मी.” मी म्हटलं, “हो.” तेवढंच.

आत्ती दोनदा माझ्या दारात आली. मी दार उघडलं नाही. तिला भेटायला हेही गेले नाहीत. मी अडवलं नव्हतं. त्यांच्या मनात काय होतं ते त्यांनी मला सांगितलं नाही.

मग एका दुपारी दशरथ भावजी आले. त्यांची दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले.

“वैनी, आईचं काय खरं न्हाई. हणमंताला बघायचंय म्हणती. त्याच्यावाचून जीव जाईना झालाय. त्यो कुठं हाय?”

हे रात्रीच मिरजेहून परतलेले, आत चुलीपुढं चहा पीत बसले होते. मधे फक्त एक पडदा होता.

“मला काय म्हाईत?” मी म्हटलं.

“वैनी, असं करू नका. मिरजेत कुठं असतो सांगा. जुन्या जागी मी जाऊन आलो, ती पालं उठवली म्हणं.”

“सज्ञान माणूस हाय. आपल्या पायानं जातो. तुमी मिरजेच्या गाडीत बसवलंत, तुमीच शोधा.”

ते तिथंच उंबऱ्यावर बसले आणि रडले. मी उभी राहून बघत होते. थोड्या वेळानं उठले, डोळे पुसले आणि एसटी स्टँडकडं निघाले.

मी पडदा सारला. ह्यांचा चहा संपला होता. ते उठून शर्ट घालत होते. वळलेल्या बोटांना गुंड्या लागत नव्हत्या. मी नेहमी लावून द्यायची, त्या दिवशी लावल्या नाहीत. त्यांनी तसाच उघडा शर्ट घातला, पायात चप्पल सरकवली.

“भावजींस्नी हाक मारू का?” मी विचारलं.

त्यांनी रस्त्याकडं बघितलं. भावजी अजून कोपऱ्यावर दिसत होते.

“नको,” हे म्हणाले. “त्येला बी एकदा हुडकू दे.”

आणि ते मागल्या बोळानं आईकडं गेले.

दशरथची बायको कमल हिनं मला नंतर सांगितलं. हे जाऊन आईच्या उशाशी बसले. आत्तीनं त्यांची बोटं आपल्या डोळ्यांना लावली. ह्यांनीच चमच्यानं पाणी घातलं, आणि दिवस मावळायच्या आत ती गेली.

शेजारचे लोक माझ्याकडं धावत आले. दशरथला निरोप धाडायला पाहिजे, मिरजेत तो कुठं असेल, तुम्ही तिथं फिरला आहात, तुम्हालाच ठाऊक. मला ठाऊक होतंच. ती पालं कुठं हलली होती, कुठल्या पुलाखाली, कुठल्या गोदामामागं, माणूस शोधायला कुठून सुरुवात करतो आणि कुठं दमून बसतो, सगळं मला पायानं ठाऊक होतं.

“मिरज लई मोठी हाय,” मी म्हटलं.

त्यांनी सकाळपर्यंत वाट बघितली. मग जाणते म्हणाले, थोरला लेक घरात असताना कशाला थांबायचं? ह्यांनी मडकं धरलं. अग्नी ह्यांनीच दिला.

नदीवरून माणसं परत येत होती, तेव्हा दशरथ भावजी स्टँडवरून चालत आले. चपला हातात, पायाला फोड आलेले. त्यांनी ह्यांचं ओलं डोकं बघितलं, खांद्यावरचं पांढरं फडकं बघितलं, आणि रस्त्याच्या मधोमध उभे राहिले.

“कुठं हुतास रं?” ते म्हणाले. “सगळी मिरज पालथी घातली मी. कुठं हुतास?”

“घरात,” हे म्हणाले.